चाल अडली की चित्र कुणाचं आहे ते बघा

2019 साली एका एकांकिकेसाठी चार ओळींच्या गाण्याला चाल लावायची होती. बावीस दिवस मुखडा, म्हणजे सुरुवातीच्या ओळीची चाल, सुचला नाही. रोज रात्री पेटी काढायचो, बोटं सवयीच्या जागांवर जायची आणि अकराच्या सुमारास भाता लावून मी उठायचो. ओळी पावसाची वाट बघण्याच्या होत्या. मी लातूरचा. वाट बघणं मला कुणी शिकवायची गरज नव्हती, तरी अडलो.

डोळे मिटून चित्र डोळ्यांपुढं आणायचं, हा सल्ला तुम्हीही ऐकला असेल. तो खरा आहे. आपल्या दख्खनेत रागाला रूप देऊन बघायची रीत चारशे वर्षांहून जुनी आहे. इथं रागमाला चित्रं काढली गेली, विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाने रागांना माणसासारखं रूप देणारी दख्खनी पदं रचली. बाहेर आवाज नसताना मनातल्या मनात गाणं ऐकलं, तरी मेंदूतला ऐकण्याचा भाग कामाला लागतो, हे तपासण्यांत दिसून आलेलं आहे. मी हे सगळं मान्य करूनच बसलो होतो आणि तिथंच फसलो.

मी डोळे मिटले की हिरवा डोंगर यायचा. धुकं, दरीत कोसळणारा धबधबा, छत्री घेतलेली मुलगी. त्यावरून जी चाल यायची ती दुसऱ्या दिवशी ऐकली की ओळखीची वाटायची. तीन मुखडे असेच फेकले. आता सरळ विचारतो : लातुरात वाढलेल्या पोराने असला धबधबा कधी पाहिला? ते चित्र पडद्यावरून आलेलं होतं आणि पडद्यावर त्या दृश्याखाली कुणाचं तरी संगीत आधीच वाजत होतं. चित्र उसनं घेतलं की त्याच्या पोटातली चालही उसनीच येते. आपल्याला वाटतं सुचलं, पण आठवलेलं असतं. हे पुन्हा सांगतो, कारण मला कळायला बावीस दिवस लागले : मन रिकामं नसतं, त्यात दुसऱ्याचं भरलेलं असतं, म्हणून चाल अडते.

ओळखायचं कसं? चित्रात तुम्ही स्वतःला लांबून, वरून दिसत असाल तर ते कॅमेऱ्याचं चित्र आहे, सोडून द्या. स्वतःच्या चित्रात आपला चेहरा दिसत नाही, आपले हात दिसतात. त्यात वास असतो, कशाचा तरी चटका असतो आणि गाण्याला काही उपयोग नाही अशी एखादी फालतू गोष्ट असते.

तेविसाव्या रात्री मला हात दिसले. 2016 चा उन्हाळा. मांजरा धरण कोरडं पडलेलं, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते वर्ष. आमच्या गल्लीत टँकर यायचा आणि मी अन् आई रांगेत. पायात स्लीपर, डांबर मऊ झालेलं, घागरीच्या काठाला एक पोचा. पाइपची धार घागरीत पडली की आधी जाड, खोल आवाज येतो. पाणी वर चढतं तशी आतली हवेची जागा आखडते आणि आवाज बारीक होत वर जातो. आई न बघता, नुसतं ऐकून सांगायची, "आता भरली बघ, सरक." त्या दिवशी आवाज वर चढत गेला आणि काठाला चार बोटं उरली असताना टँकर संपला. "धार तुटली रं," आई म्हणाली. पुढं काही बोलली नाही.

मुखडा तिथंच होता. खालच्या सुरांवरून एकेक पायरी चढत चाल शुद्ध निषादावर, म्हणजे सप्तकातल्या शेवटच्या सुरावर येते, तार षड्ज, म्हणजे वरचा सा, आता लागणार असं ऐकणाऱ्याला वाटतं आणि मी तिथंच थांबतो. षड्ज देतच नाही. तालही रांगेनेच दिला : तीन मात्रा थांबायचं, दोनात घागर सरकवायची, दोनात आपण सरकायचं. म्हणजे सात मात्रांचा रूपक ताल. रूपकाची तर समच, म्हणजे पहिली मात्राच, खालीची, टाळी नसलेली. मला त्या रात्री रडू आलं, खोटं कशाला सांगू.

यातून तुम्ही घ्यायचं ते एवढंच की चित्र कसं दिसतं हे विचारू नका, ते कसं हलतं ते विचारा. कुठून निघतं, कुठं अडखळतं, कुठं थांबतं. पाऊस दिसला म्हणून मल्हार हा पावसाचा राग धरणं हा आळस आहे. भूप आणि देशकार या दोन रागांचे सूर तेच पाच, पण भूप गांधारावर (ग) विसावतो, देशकार धैवतावर (ध). कुठं विसावायचं, हेच चित्र सांगतं.

आणि पेटीला आधी हात लावू नका. दहा मिनिटं चित्रात राहा, मग शब्द न घेता नुसतं गुणगुणून मोबाइलवर रेकॉर्ड करा, पेटी त्यानंतर. बोटांना जुन्या वाटा पाठ असतात, गळा निदान अडखळतो तरी.

तयार लूप, म्हणजे पुन्हापुन्हा वाजणारा संगीताचा तुकडा, लावून त्यावर चाल बसवणारे माझे मित्र आहेत. काम लवकर होतं हे खरं, पण सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत ही सवय लावून घेऊ नका, असं माझं ठाम मत आहे. एका स्टुडिओवाल्याने मला "आधी रेफरन्स गाणं आण, मग बोलू" असं सांगितलं होतं. मी नेलं, आणि त्या गाण्यातून बाहेर पडायला सहा महिने गेले. "रियाज वाढव" एवढंच सांगणाऱ्या गुरूंविषयी आदर ठेवूनच म्हणतो, अडलेल्या माणसाला त्याने फक्त अपराधी वाटतं.

डोळ्यांपुढं चित्रच येत नसेल तर घाबरू नका. काही माणसांना जन्मतःच मनात चित्र दिसत नाही. 2015 मध्ये त्याला अफँटेशिया असं नाव मिळालं. तुम्हाला घागर दिसली नाही तरी तिचा आवाज ऐकू येईल किंवा कंबरेला तिचं वजन जाणवेल. तेवढंही पुरतं.

सध्या माझ्याकडे एक पाळणागीत आहे आणि दहा दिवस झाले, मुखडा नाही. काल रात्री आजीच्या लुगड्याची झोळी आठवली, माळवदाच्या सरेला, म्हणजे छताच्या आडव्या लाकडाला बांधलेली. लांब जाताना दोरी गप्प असायची, परत येताना कुरकुरायची. आज तिथून सुरू करतो.