गाडीतला संडास तुंबतो कामून? मोटरहोमवाल्यांनो, या चुका टाळा

मे महिन्यातली दुपार, अंबाजोगाईच्या अलीकडं आत्याच्या शेतात गाडी लावलेली, आणि मी गाडीखाली अर्धा आत घुसून मैल्याच्या टाकीचं हँडल ओढतोय. पाईपचं दुसरं टोक आत्याच्या सेप्टिक टँकच्या चेंबरमध्ये. आधी भसकन काळं पाणी आलं, मग धार बारीक झाली, मग थेंब थेंब, आणि बंद. टाकी ऐंशी लिटरची, तीन दिवस सात माणसांनी वापरलेली, आणि बाहेर पडलं किती तर दोन बादल्याबी नसतील. तेवढ्यात वरून बायकोचा आवाज, "अहो, इथं संडासच्या भांड्यात पाणी वर यायलंय!"

वेरूळ झालं होतं, परळी आणि औंढा बाकी, तीन ज्योतिर्लिंगं करून घरी असा बेत. गाडी म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलर, आतून बदलून मोटरहोम केलेली. पहिला राग अर्थातच गाडी बनवणाऱ्यावर निघाला, पण खरं सांगायचं तर चूक माझीच होती. निघतानाच मी सगळ्यांना तंबी दिली होती की वरच्या टाकीत पाणी मोजकं आहे, एका मगात भागवा. आणि सगळ्यांनी इमानेइतबारे भागवलं.

आता आपण मराठवाड्याची माणसं, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं ते बघितलेली. पाहुण्याला तांब्याभर देताना हात सैल आणि स्वतःला घेताना आखडता, भाजी धुतलेलं पाणी तुळशीला, ही सवय हाडात मुरलेली आहे आणि घरात ती सोन्यासारखीच आहे. पण गाडीतल्या संडासात तीच नडते, आणि तुंबण्याच्या दहा तक्रारी ऐकल्या तर त्यातल्या बऱ्याच शेवटी इथंच येऊन थांबतात.

कारण बघा, घरच्या कमोडमध्ये खाली वाकडा पाईप असतो, फ्लशचं पाणी जोरात येऊन मैला ढकलतं आणि पुढं उतार त्याला घेऊन जातो. गाडीत तसं काहीच नाही. भांड्याच्या तळाला एक झडप, पायानं पेडल दाबलं की ती सरकते, आणि साधारण तीन इंची भोकातून सगळं सरळ खाली टाकीत. वाहून नेणारं कुणी नाही. पडलं ते पडलं, तिथंच. टाकीत पाणी असेल तर ते तरंगतं, भिजतं, विरघळतं, आणि गाडीखालच्या हँडलनं टाकीचा व्हॉल्व्ह ओढला की पाण्याबरोबर निघून जातं. पाणी नसेल तर बरोबर भोकाखाली ढीग साचत जातो, वारुळासारखा, आणि वारूळ झडपेपर्यंत आलं की खेळ खलास. मी टॉर्च मारून बघितलं तेव्हा हेच दिसलं, तळहातभर खाली टोक. बाजूची अर्धी टाकी मोकळीच होती!

म्हणून पहिला नियम असा की टाकी रिकामी केली की लगेच संडासातूनच दहा-बारा लिटर पाणी आत सोडायचं, तळ झाकला गेला पाहिजे. हे पाणी वाया जात नाही, हेच काम करतं. दुसरं, मोठ्या कामाला बसायच्या आधी भांड्यात थोडं पाणी घ्यायचं आणि नंतर पेडल दाबून मनात दहापर्यंत मोजायचं, पाणी चालू ठेवून. टचकन दाबून सोडलं की मैला भोकाच्या कडेला चिकटतो, झडप नीट बसत नाही, मग वास.

आणि एवढं पाणी आणायचं कुठून, हा प्रश्न आपल्याकडं खराच आहे. मी आता आंघोळीचं पाणी बादलीत धरतो, मोरीत एक पसरट टब ठेवून, आणि तेच मगानं संडासात ओततो. भाजी-तांदूळ धुतलेलं पण चालतं. खरकटी भांडी धुतलेलं तेलकट पाणी मात्र नको, तेल टाकीच्या भिंतीला बसतं आणि त्यावर बाकी सगळं चिकटतं. टाकी लवकर भरते हे मान्य, आम्हा सात जणांना दोन दिवसांतून एकदा ओतावी लागते, पण ते परवडलं.

तुंबलंच तर काय

त्या दिवशी शेतात सगळेच तज्ज्ञ झाले होते. मामा म्हणले, "सळई घाल की, एका दणक्यात मोकळं होतंय." आतेभाऊ म्हणला, "ॲसिड वत." दोन्ही चुका आहेत आणि दोन्ही महाग पडतात. टाकी प्लास्टिकची असते, सळई किंवा प्लंबरची लोखंडी स्प्रिंग आत कुठं जातीय ते दिसत नाही, भोक पडलं तर अख्खी टाकी बदला. ॲसिड आणि ड्रेनेज उघडायची ती जहाल पावडर रबरी सील खाते, मग झडप आणि व्हॉल्व्ह दोन्ही गळायला लागतात. आणि ॲसिडवर कुणी ब्लीच ओतलं तर क्लोरीन वायू सुटतो, नुसतं ब्लीच लघवीतल्या अमोनियाशी मिळालं तरी विषारी वायूच होतो, आणि गाडीतला संडास म्हणजे कपाटाएवढी जागा, पळायला पण जागा नाही.

आत्यानं मात्र कामाचं केलं, बंब पेटवला. व्हॉल्व्ह बंद करून मी दोन बादल्या गरम पाणी भांड्यातून हळूहळू सोडलं, आंघोळीला घेतो तेवढंच गरम, आणि त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे तीन-चार चमचे. उकळतं पाणी ओतू नका, पाईपचे सांधे आणि रबर नरम पडतात. रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी शेतातली ठिबकची लॅटरल कापून तीन हात तुकडा घेतला, ती सोळा एमएमची काळी नळी असते ना तीच, वाकते पण टोचत नाही, आणि तिनं ढीग चारी बाजूंनी हळूहळू ढोसला. हातात रबरी ग्लोव्हज, तोंड बाजूला, खिडक्या उघड्या, कारण आत कोंडलेला गॅस वर येतो आणि तो गॅस डोकं फिरवतो, शिवाय पेट घेणारा पण असतो, बिडी-काडी लांबच. (ती नळी नंतर फेकून दिली, मामांना वाईट वाटलं.)

मग टाकी दोन तृतीयांशाच्या आसपास भरली आणि गाडी घेऊन सरळ परळीला निघालो. पंचवीसेक किलोमीटर. मधला घाट, वळणं, गावागावातले स्पीड ब्रेकर, एरवी ज्यांना शिव्या देतो ते सगळे त्या दिवशी माझ्यासाठी टाकी खळखळवत होते. वैजनाथाचं दर्शन घेतलं, परत शेतात आलो, गाडीचं व्हॉल्व्हकडचं अंग जरा उताराला लावलं आणि हँडल ओढलं. धबाधबा सगळं एका दमात. पुन्हा दोनदा पाणी भरून सोडलं तेव्हा कुठं स्वच्छ यायला लागलं.

घाई असेल आणि हिंडायला जागा नसेल तर आधी एवढं बघा की तुंबलंय कुठं. पेडल दाबून झडप उघडी आहे आणि तरी भांड्यातलं पाणी हलत नाही, तर अडकलंय भोकाच्या गळ्यात नाहीतर वारुळात, टॉर्च मारली की लगेच कळतं. वरून पाणी नीट खाली जातंय पण व्हॉल्व्ह ओढूनही बाहेर काही येत नाही, तर अडथळा व्हॉल्व्हपाशी आहे, तिथं वाळलेला थर किंवा कापड अडकलेलं असतं. तेव्हा गरम पाणी टाकून थांबा, व्हॉल्व्ह चार-पाचदा बंद-उघड करा. आणि आधी जोरात येऊन मधेच थांबलं तर एकदा बाहेरचा पाईप तपासा, तो पिळवटलेला किंवा मधे झोळ पडलेला असतो, मी स्वतः यावर अर्धा तास घालवलाय.

बाकीच्या चुका, पटापट

शेताजवळ आठ दिवस मुक्काम आहे, पाईप चेंबरला जोडलेलाच आहे, मग व्हॉल्व्ह उघडाच ठेवू, रोजची कटकट नको. हे डोकं लई जण चालवतात. होतं काय, पातळ ते निघून जातं आणि घट्ट ते आत राहतं, म्हणजे पुन्हा वारूळ. व्हॉल्व्ह बंदच, टाकी दोन तृतीयांश भरली की एकदम सोडायची, वजनानं येणारा लोंढाच टाकी धुतो.

गावाकडं नव्या संडासच्या टाकीत शेणकाला टाकतात, जिवाणू तयार होतात म्हणून. गाडीच्या टाकीत टाकू नका. शेणात न पचलेला चारा असतो, तो व्हॉल्व्हमध्ये बसतो. जिवाणू हवे असतील तर जिवाणू-एन्झाइमचं तयार लिक्विड किंवा पुड्या मिळतात, टाकी रिकामी केल्यावर त्या दहा-बारा लिटरात टाकायच्या. फक्त आपल्या उन्हाळ्यात गाडी उन्हात भाजत असेल तर त्यांच्यावर फार विसंबू नका, जास्त उष्णतेत ते जिवाणू नीट काम करत नाहीत. फॉर्मलिनवालं निळं केमिकल वास मारतं हे खरं, पण ते ज्याच्या सेप्टिक टँकमध्ये तुम्ही ओतणार त्याचे जिवाणू पण मारतं, मग पाहुणचाराची फेड अशी.

व्हिडिओत दाखवतात की टाकीत बर्फ टाका आणि गाडी पळवा, बर्फ घासून काढतो. बर्फ तरंगतो आणि वितळतो, बास.

ओले टिश्यू, डायपर, पॅड, केसांचे गुंतवळे, काहीच आत नाही. पाकिटावर फ्लश करता येतो लिहिलेला टिश्यू बाटलीत पाणी घालून हलवून बघा, कागदासारखा सुटतो का कापडासारखा राहतो ते स्वतःच्या डोळ्यानं दिसेल. आपल्याकडं जेट वापरतात म्हणून कागदाचा त्रास तसा कमी, हा आपला फायदाच आहे.

आणि एक नाजूक गोष्ट. घरातली म्हातारी माणसं कमोडवर पाय ठेवून बसतात. गाडीतलं भांडं प्लास्टिकचं, खाली दोन-चार बोल्टवर उभं, ते हलतं, खालची रिंग सुटते आणि फटीतून वास नाहीतर गळती सुरू होते. आत्याला हे सांगायचं कसं या विचारात एक दिवस गेला, शेवटी बायकोनं सांगितलं.

ओतायचं कुठं

२०२१ ला राज्याचं कॅरावॅन पर्यटन धोरण आलं तरी आपल्या भागात टाकी ओतायची सोय शोधावीच लागते. माझी सवय अशी की मुक्कामाच्या लॉजला किंवा ढाब्याला आधीच फोन करून विचारतो की सेप्टिक टँकचं चेंबर उघडता येईल का, आणि पैसे देतो. त्यांचा सेप्टिक टँक लहान असेल तर तिथं ऐंशी लिटर एकदम ओतू नका. ओढ्यात, नाल्यात, गोदावरीच्या काठाला रात्री हळूच सोडणारे पण भेटलेत. पैठणच्या जायकवाडीचं पाणी संभाजीनगर पितं, म्हणजे सोडलेलं आपल्याच नळाला.

ओतताना आधी मैल्याची टाकी, मग आंघोळीच्या सांडपाण्याची, म्हणजे तोच पाईप धुऊन निघतो. पिण्याचं पाणी भरायची नळी या कामाला कधीच वापरायची नाही, मी तिच्यावर लाल टेप गुंडाळलीय.

आणि तुंबलं म्हणून रस्त्यावरच्या कुणाला पाचशे रुपये देऊन "जरा हात घाल" म्हणू नका. माणसाकडून हातानं मैला काढून घेण्यावर २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि कायदा नसता तरी आपली घाण आपण काढावी. नाहीच जमलं तर नगरपालिकेची किंवा खासगी मैला ओढायची गाडी बोलवा.

वास येतो पण तुंबलं नाही

मग बहुतेक वेळा छतावरचा व्हेंट पाईप बघायचा. टाकीतला गॅस तिथून वर जातो, आणि गाडी महिनाभर उभी राहिली की कुंभारीण माशी त्यात मातीचं घर बांधते. फ्लश केल्यावर भांड्यात गुडगुड आवाज आला तर हाच संशय. एक जाळी लावली की झालं. छताचा एक्झॉस्ट फॅन चालू ठेवून पेडल दाबलं तरी वास वर ओढला जातो, आधी फॅन बंद करा.

दुसरं कारण बोअरचं क्षाराचं पाणी. झडपेच्या रबरावर पांढरा थर बसतो, मग भांड्यात पाणी टिकत नाही आणि वास अडवणारं पाणीच नाहीसं होतं. लिंबूसत्व कोमट पाण्यात विरघळवून तासभर ठेवायचं, मऊ ब्रशनं घासायचं, वाळल्यावर सिलिकॉन ग्रीसचा हात. व्हॅसलीन नको, रबर फुगतं. टाकी किती भरली ते सांगणारे सेन्सरपण त्यांच्यावर असा थर बसला की खोटं बोलतात.

ज्यांच्याकडं कॅसेटवाला संडास आहे, ती सतरा-वीस लिटरची काढून नेता येणारी पेटी, त्यांनी तळाला दोन-तीन लिटर पाणी ठेवायचं आणि ओतताना हवेचं बटण दाबून धरायचं, नाहीतर ती गचके देत ओतते आणि बुटावर येते.

आणि ट्रिप संपली, गाडी आता दिवाळीलाच निघणार, असं असेल तर टाकी अर्धवट सोडून शेडमध्ये लावू नका. आपल्या चाळीस-बेचाळीस डिग्रीत पातळ ते उडून जातं आणि तळाशी जे राहतं ते शेणानं सारवलेल्या भुईसारखं टणक होतं. दोनदा धुवायची, पूर्ण रिकामी करायची, आणि झडपेवर भांड्यात दोन मग पाणी ठेवून महिन्यातून एकदा ते बघून यायचं, आटलेलं असतं, पुन्हा घालायचं.