बोअरच्या पाण्यातलं लोह काढायचंय? फिल्टर नंतर, आधी हवा

आमची बोअर कोकणातली, जांभ्यात मारलेली. कळशीत पाणी काचेसारखं नितळ, तासाभरात पिवळट, सकाळी तळाशी विटकरी साका. चहा शाईसारखा काळा. ‘फिल्टर बसवा’ म्हणाले, बसवला, फरक शून्य. बोअरमधून येताना लोह विरघळलेलं असतं. मिठाचं पाणी गाळून मीठ निघतं का?

ताजं पाणी ग्लासात घ्या. निघतानाच तांबूस असेल तर नुसती वाळू पुरेल. नितळ येऊन मागाहून लाल झालं तर आधी हवा द्यावी लागते; हवेने विरघळलेलं लोह गंजून त्याचे कण होतात, आणि कण वाळूत अडकतात.

माझी फजिती इथेच झाली. पाईपचं तोंड पिंपात बुडवून ठेवलं होतं, वर तुरटी फिरवत होतो. लोह लाल होईना. खरं तर 1 मिलिग्रॅम लोहाला 0.14 मिलिग्रॅम प्राणवायू पुरतो. अडतं ते पाण्याच्या आंबटपणापाशी. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं पाणी आंबट. तो 7 च्या खाली असला की लोह गंजायला फार वेळ घेतं, आणि पीएच एका अंकाने चढला की वेग साधारण शंभरपट होतो. तुरटीने पाणी आणखी आंबट होतं, म्हणून ती टाकूच नका.

पीव्हीसी पाईपला बारीक भोकं पाडा आणि डोक्याइतक्या उंचीवरून पाणी शॉवरसारखं पिंपात पडू द्या. थेंब जितके बारीक तितका विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडतो आणि पीएच वर येतो. पीएच मोजायची पट्टी लावून बघा. अजून आंबट असेल तर वाटेत भोकाच्या टोपलीत धुतलेले शिंपले किंवा संगमरवराचे तुकडे ठेवा, पाणी त्यावरून झिरपू दे. त्यांवर गंजाचा थर चढला की ते काम करत नाहीत, महिन्याला घासा. मी घासले नव्हते, आणि चहा पुन्हा काळा झाला.

रात्रभर निवळू द्या. वरचं पाणी दीड-दोन फूट धुतलेल्या वाळूतून गाळा, खाली खडी. धार बारीक झाली की वरची इंचभर वाळू काढून धुवा.

मग चहा करून बघा, आणि प्रयोगशाळेत तपासून घ्या. भारतीय मानकात मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम असली, तरी कपड्यांवर डाग 0.3 पासूनच पडतात. त्या डागांवर ब्लीच ओतू नका, ते पक्के होतात. लिंबू चोळा.