ग्रंथसंग्रहालयातून जुनं पुस्तक घरी कसं आणावं

रत्नागिरीचं नगर वाचनालय (१८२८), ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३), मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८) अशा जुन्या संस्थांच्या कपाटांत बाजारातून कधीच नाहीशी झालेली पुस्तकं आहेत. ती घरी न्यायची तर सभासद व्हावं लागतं.

अर्जासोबत फोटो आणि पत्त्याचा पुरावा लागतो. काही ठिकाणी जुन्या सभासदाची सहीही मागतात. अनामत परत मिळते, वर्गणी मिळत नाही, म्हणून दोन्ही रकमा पावतीवर वेगळ्या दाखवल्यात का ते बघा. पुस्तकाची किंमत अनामतीपेक्षा जास्त असेल तर बहुतेक ठिकाणी ते देत नाहीत किंवा जादा अनामत मागतात. मोठे ग्रंथ वाचायचे असतील तर सुरुवातीलाच वरच्या वर्गाचं सभासदत्व घ्या.

खरा वेळ जातो तो पुस्तक शोधण्यात. पुस्तकांच्या यादीत लेखकाचं कार्ड आडनावाने लावलेलं असतं, पण टोपणनावांनी घोटाळा होतो. ‘केशवसुत’ सापडले नाहीत तर ‘दामले, कृष्णाजी केशव’ बघा. ‘गोविंदाग्रज’ नसतील तर ‘गडकरी, राम गणेश’. क्ष आणि ज्ञ काही याद्यांत वर्णमालेच्या शेवटी असतात, काहींत क आणि ज यांच्या पोटात. दोन्हीकडे बघितल्याशिवाय पुस्तक नाही असं समजू नका. संगणकावर शोधताना ऱ्हस्व-दीर्घ बदलून पाहा, किंवा नावातला एकच ठळक शब्द टाका. जुन्या नोंदी जुन्या शुद्धलेखनानुसार आहेत, आणि ‘कांहीं’मधल्या अनुस्वारांनीसुद्धा शोध फसतो.

मागणीच्या चिठ्ठीवर दाखल क्रमांक लिहा. वर्गांक, म्हणजे पुस्तकाच्या विषयाचा क्रमांक, एकटा पुरत नाही, कारण ड्यूई या वर्गीकरणाच्या पद्धतीत मराठीतल्या साऱ्या कादंबऱ्या ८९१.४६३ खालीच येतात. दाखल क्रमांक मात्र त्या एका प्रतीचाच असतो. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती असतील तर दोन्ही क्रमांक द्या, एक बांधणीला गेलेली असली तरी दुसरी मिळते. क्रमांकाशेजारी संदर्भाची खूण असेल तर ती प्रत तिथेच बसून वाचायची. दोलामुद्रितं, म्हणजे १८६७ पर्यंत छापलेली पुस्तकं, घरी मिळण्याची अपेक्षा ठेवूच नका; त्यांची डिजिटल प्रत आहे का ते विचारा.

पुस्तक हातात आलं की देवघेवीच्या टेबलापाशीच चाळा. सुटलेली पानं, फाटका नकाशा, गायब चित्र दिसलं तर कर्मचाऱ्यांकडून आतल्या पानावर पेन्सिलीने नोंद करून घ्या. ही दोन मिनिटं वाचवली तर परत करताना आधीचं नुकसान तुमच्या नावावर लागतं.

जुना कागद आम्लामुळे ठिसूळ झालेला असतो. कोपरा दुमडला की तिथेच तुटतो. पुस्तक पूर्ण उघडून झेरॉक्सच्या काचेवर दाबू नका, पुठ्ठ्याजवळची शिवण निखळते. हवं ते पान वरून मोबाइलवर टिपा. फाटल्यास चिकटपट्टी अजिबात लावू नका. तिचा गोंद कागदात मुरून तपकिरी डाग पडतो आणि तो काढणं फार कठीण असतं. सुटलेलं पान कोऱ्या कागदात ठेवून तसंच परत द्या आणि सांगा. पावसात भिजलं तर उन्हात टाकू नका: पानांमध्ये पांढरे टिपकागद घालून पंख्याखाली वाळवा आणि कागद बदलत राहा. त्यासाठी वर्तमानपत्र वापरू नका, त्याची शाई उतरते.

मुदत आणि दंड प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात. पुस्तकाला चिकटवलेल्या चिठ्ठीवरची तारीख पाहा. मुदतवाढ तारीख उलटण्याआधी मागावी लागते, आणि दुसऱ्या कुणी मागणी नोंदवली असेल तर ती मिळत नाही. दिवाळी अंकांची योजना बहुधा निराळी असते, तिची वर्गणीही निराळी.

हरवलेलं पुस्तक दुर्मीळ असेल तर छापील किमतीवर भागत नाही. त्याच आवृत्तीची प्रत जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळते का ते आधी शोधा, पण विकत घेण्यापूर्वी ती बदली म्हणून चालेल का हे ग्रंथपालांना विचारा. सभासदत्व सोडताना अनामतीची मूळ पावती लागते. ती पहिल्याच दिवशी जपून ठेवा.