जीसीपी प्रमाणपत्र: तारीख आणि आवृत्ती आधी बघा

माणसांवरील संशोधनाचं ऑनलाइन प्रशिक्षण घेताना कोर्स नीट निवडा. सहभागींच्या संरक्षणाचा कोर्स वेगळा, जीसीपी (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, म्हणजे चाचणी नीट चालवण्याचे नियम) वेगळा. औषध चाचणीत बहुधा दोन्ही मागतात. नोंदणीत संस्था चुकीची निवडली तर भलतेच मॉड्यूल समोर येतात, म्हणून आधी नैतिकता समितीला (एथिक्स कमिटी) विचारून घ्या. औषधांसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना ठरवणाऱ्या आयसीएच या संस्थेने ई6 या जीसीपी सूचनांची आर3 आवृत्ती जानेवारी 2025 मध्ये स्वीकारली. प्रमाणपत्रावर आधीची आर2 असेल तर ते चालेल का, हे प्रायोजकाला लेखी विचारा.

खरी गफलत तारखांची होते. डेलिगेशन लॉगवर (चाचणीत कोणाकडे कोणतं काम कधीपासून, याची नोंद) काम 3 तारखेला सुरू आणि प्रमाणपत्र 10 तारखेचं, म्हणजे मधल्या आठवड्यात घेतलेली प्रत्येक संमती चाचणीची तपासणी करणाऱ्या मॉनिटरच्या नजरेत येणार. अशा वेळी मागची तारीख टाकायची नाही. घडलं ते लिहून सही आणि आजची तारीख घाला, आणि ती नोंद फाइलला लावा. प्रमाणपत्रावरचं नाव सीव्ही आणि लॉगशी अक्षरशः जुळवा. लग्नानंतर बदललेलं आडनाव इथे हमखास नडतं.

पीडीएफ त्याच दिवशी उतरवून ठेवा, कारण संस्था सोडल्यावर जुनं लॉगिन बंद होऊ शकतं. मुदत बऱ्याच ठिकाणी 3 वर्षं असते, तेव्हा स्मरणपत्र दोन महिने आधीचं लावा.