चार्जर लावला की अ‍ॅम्प्लिफायरमधून घूं: अशी थांबली

लॅपटॉप यूएसबी डॅकमधून (डिजिटल आवाजाचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारी डबी) अ‍ॅम्पला जोडलेला. तो चार्जिंगला लावला की स्पीकरमधून ५० हर्ट्झची घूं यायची, बॅटरीवर शांत. त्याच अ‍ॅम्पवर सीडी प्लेअर मात्र एकदम स्वच्छ. नवी आरसीए केबल, दुसरा यूएसबी पोर्ट, केबलवर फेराइटचा मणी (गोंगाट अडवणारा): सगळं वाया, फार वैताग आला.

कारण अर्थिंगचा फेरा (ग्राउंड लूप). चार्जर आणि अ‍ॅम्प दोन्ही थ्री-पिन, म्हणून त्यांची अर्थ भिंतीतूनही जोडलेली आणि ऑडिओ केबलमधूनही; सीडी प्लेअर टू-पिन, तिथे फेरा होत नाही.

आधी अ‍ॅम्प बंद केला. दोन्ही प्लग एकाच बोर्डात लावले. घूं कमी झाली. मग डॅक आणि अ‍ॅम्पच्या मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला ग्राउंड लूप आयसोलेटर बसवला (पुण्यात बुधवार पेठेत, तापकीर गल्लीत शोधा). घूं पूर्ण गेली.

स्वस्त आयसोलेटरचा गाभा लहान असतो, मोठ्या सिग्नलला डग्ग्याचा घुमारा चेपतो. म्हणून डॅकचा आवाज थोडा कमी, अ‍ॅम्पचा जास्त ठेवा. अर्थची पिन मात्र कधीही कापू नका, बिघाड झाला तर शॉक बसेल.