अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत वापरकर्त्याचे खाते आणि त्याचे गट कसे शोधावेत

सांगलीतल्या कोणत्याही बऱ्यापैकी मोठ्या कार्यालयात, मग ती पतसंस्था असो, साखर कारखाना असो वा महाविद्यालय, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या (कार्यालयातील संगणक-खाती आणि गट यांची नोंद ठेवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीच्या) शोधचौकटीत ‘पाटील’ असे टाकले की भलीमोठी यादी समोर येते. त्यातला आपल्याला हवा असलेला माणूस कोणता, हे पडद्यावर दिसणाऱ्या नावावरून कधीही ठरवू नये. ‘डिस्प्ले नेम’ दोन जणांचे एकसारखे असू शकते. लॉगिनचे नाव, म्हणजे ‘सॅम अकाउंट नेम’, मात्र एका डोमेनमध्ये, म्हणजे एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या खाती-संगणकांच्या समूहात, एकाचेच असते. म्हणून शाखेतून दूरध्वनी आला की आधी लॉगिनचे नाव विचारावे. समोरच्याला ते सांगता येत नसेल, तर त्याच्या संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘हू-अ‍ॅम-आय’ ही आज्ञा द्यायला सांगावी.

शोधासाठी ‘अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी यूजर्स अँड कॉम्प्युटर्स’ उघडून डोमेनच्या नावावर उजवी क्लिक करावी आणि ‘फाइंड’ निवडावे. इथे ‘इन’ हा रकाना नीट पाहावा. तासगाव शाखेच्या ओयूवर (ऑर्गनायझेशनल युनिट, म्हणजे डोमेनमधील खाती ठेवण्याचा कप्पा) क्लिक करून शोध उघडला असेल, तर तो तेवढ्याच ओयूपुरता चालतो आणि बदली होऊन मिरजेला गेलेल्या कर्मचाऱ्याचे खाते अस्तित्वातच नाही असा समज होतो. कार्यालयात एकाहून अधिक डोमेन असतील तर ‘एंटायर डिरेक्टरी’ निवडावे. तो शोध ग्लोबल कॅटलॉगकडे, म्हणजे सर्व डोमेनांच्या एकत्रित सूचीकडे, जातो. मात्र तिथे प्रत्येक खात्याची सगळी माहिती नसते, निवडक गुणधर्मच असतात.

आडनावांचे रोमन स्पेलिंग ही आपल्याकडची खरी अडचण आहे. ‘क्षीरसागर’मधला दीर्घ ईकार कोणी एका अक्षराने लिहितो, कोणी दोन; ‘चव्हाण’ तर तीन तऱ्हांनी लिहिलेले आढळते. नावाचा शोध सुरुवातीच्या अक्षरांवर चालत असल्यामुळे पूर्ण आडनाव टाकण्याऐवजी पहिली तीनच अक्षरे टाकावीत आणि आलेल्या यादीतून लॉगिनच्या नावावरून खात्री करावी.

खाते सापडल्यावर त्याची सविस्तर माहिती पाहण्यासाठी ‘व्ह्यू’ मेन्यूतील ‘अ‍ॅडव्हान्स्ड फीचर्स’ सुरू असले पाहिजे. तरीही शोधातून उघडलेल्या खिडकीत ‘अ‍ॅट्रिब्यूट एडिटर’ हा टॅब सहसा दिसत नाही. अशा वेळी ‘ऑब्जेक्ट’ टॅबवर खात्याची जागा पाहावी आणि त्या ओयूत जाऊन खाते तिथून उघडावे. ‘यूजर अकाउंट कंट्रोल’ची किंमत ५१२ असेल तर ते साधे, चालू खाते असते आणि ५१४ असेल तर तेच खाते बंद केलेले असते. लेखापरीक्षक शेवटच्या लॉगिनची तारीख मागतात, तेव्हा विशेष जपावे. ‘लास्ट लॉगऑन’ हा गुणधर्म प्रत्येक डोमेन कंट्रोलरवर (लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरवर) वेगळा असतो, कारण त्याची नक्कल इतर कंट्रोलरवर जात नाही. ‘लास्ट लॉगऑन टाइमस्टॅम्प’ची नक्कल जाते, पण मूळ मांडणीत तो ९ ते १४ दिवस मागे असू शकतो. काल काम केलेल्या माणसाला निष्क्रिय ठरवून त्याचे खाते बंद करणे हा त्याच्यावर अन्याय आहे, म्हणून नेमकी तारीख हवी असल्यास प्रत्येक कंट्रोलरला विचारावे लागते.

आता गट. ‘मेंबर ऑफ’ टॅबवर थेट सदस्यत्वच दिसते, आणि सर्वाधिक गफलत इथेच होते. समजा, एक कर्मचारी ‘तासगाव रोखपाल’ या गटात आहे, तो गट ‘सर्व रोखपाल’ या गटात आणि तो पुन्हा ‘अहवाल वाचक’ या गटात आहे. कर्मचाऱ्याच्या टॅबवर या तिन्हींपैकी पहिलेच नाव दिसेल. अहवालांचे फोल्डर मात्र त्याला बिनदिक्कत उघडता येईल. अशी साखळी पूर्ण पाहायची असेल तर एलडॅप फिल्टरमध्ये (डिरेक्टरीत शोध घेण्याच्या भाषेतील अटीत) ‘मेंबर’ या गुणधर्मापुढे १.२.८४०.११३५५६.१.४.१९४१ हा नियमक्रमांक लावावा आणि खात्याचे पूर्ण ‘डिस्टिंग्विश्ड नेम’ (ओयू आणि डोमेनसह डिरेक्टरीतला पत्ता) द्यावे. मग या साखळीतले वरपर्यंतचे सगळे गट मिळतात. हे अंक टाइप करताना अर्थातच इंग्रजी अंक वापरावेत. ‘डोमेन यूजर्स’ हा सर्वसाधारणपणे प्राथमिक गट असतो आणि तो ‘मेंबर ऑफ’ या गुणधर्मात नोंदलेला नसतो. पॉवरशेलमध्ये (विंडोजला आज्ञा देण्याच्या साधनात) तो गुणधर्म वाचून यादी काढली आणि हे नाव दिसले नाही, तर काही बिघडले असे मानू नये.

ओयू आणि गट यांत गल्लत करू नये. खाते मिरज शाखेच्या ओयूत हलवले की तिथली ग्रुप पॉलिसी (सेटिंगांचे सामायिक नियम) लागू होते, पण फोल्डरचे अधिकार बदलत नाहीत; ते गटांवरून ठरतात, आणि तेही सिक्युरिटी प्रकारच्या गटांवरून. डिस्ट्रिब्यूशन गट ईमेलपुरते असतात. बदलीचा आदेश निघाल्यावर खाते हलवले जाते आणि जुने गट तसेच राहतात, हे सर्रास घडते. ओयू बदलताना त्याच बैठकीत गटांची वरील साखळी काढून पाहिलीच पाहिजे.

हे सगळे शोध वाचनापुरते असल्याने साध्या डोमेन खात्यावरूनही बहुतेक माहिती मिळते. त्यासाठी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून लॉगिन करू नये. गटात बदल केल्यानंतर कर्मचाऱ्याला एकदा लॉगऑफ करून पुन्हा लॉगिन करायला सांगावे, कारण गटांची यादी लॉगिनच्या वेळी तयार होते आणि स्क्रीन लॉक करून उघडल्याने ती बदलत नाही. त्यानंतर त्याच्याच संगणकावर ‘हू-अ‍ॅम-आय’ ही आज्ञा ‘ग्रुप्स’ या स्विचसह द्यावी, म्हणजे त्या क्षणी कोणते गट प्रत्यक्ष लागू आहेत ते समोर दिसते.