नेमसर्व्हर बदलला आणि मेल बंद पडले? या चुका टाळा

जळगावच्या एमआयडीसीतली डाळमिल घ्या, नाहीतर रावेरचा केळीचा व्यापारी. डोमेन पुतण्याने घेतलेलं असतं, वेबसाइट धुळ्याच्या एखाद्या पोराने केलेली असते आणि मेल तिसऱ्याच कंपनीकडे. नवी साइट तयार झाली की पोरगा म्हणतो, "शेठ, नेमसर्व्हर बदलून द्या." शेठ बदलून देतात. साइट झकास उघडते, पण दिल्लीच्या पार्टीचे मेल यायचे थांबतात.

नेमसर्व्हर म्हणजे डोमेनची साइट कुठे, मेल कुठे हे जगाला सांगणारा सर्व्हर. तो बदलणं म्हणजे डोमेनची अख्खी खातेवही दुसऱ्याच्या हाती देणं. जुन्या वहीतल्या एमएक्स (मेल कोणत्या सर्व्हरवर जायचे), एसपीएफ (डोमेनच्या नावाने मेल कोण पाठवू शकतं) आणि डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही तपासायची किल्ली) यांच्या नोंदी आपोआप नव्या वहीत उतरत नाहीत. खरं तर साइट हलवायला बहुतेक वेळा 'ए' रेकॉर्ड (साइटच्या सर्व्हरचा आयपी पत्ता) आणि 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'ची नोंद बदलली तरी पुरतं. पोराला आधी तेच विचारा. नेमसर्व्हर बदलावाच लागला, तर या नोंदी जिथे भरतात त्या जुन्या पॅनेलमधली प्रत्येक ओळ नव्या पॅनेलमध्ये भरा आणि मगच बदला. डीकेआयएमची नोंद सिलेक्टरचं (त्या किल्लीच्या लेबलचं) नाव माहीत असल्याशिवाय बाहेरून सापडत नाही, म्हणून जुनं पॅनेल बंद होण्याआधी स्क्रीनशॉट काढून ठेवा. डॉट कॉमच्या नेमसर्व्हरची माहिती ४८ तासांपर्यंत जुनीच दिसू शकते. तेवढे दिवस जुना मेलबॉक्स चालू ठेवून अधूनमधून उघडून बघा.

आता एक छुपं दुखणं. सगळीकडून मेल येतात, फक्त वेबसाइटच्या फॉर्मवरची चौकशी येत नाही. कारण साइट ठेवलेल्या होस्टिंगच्या सर्व्हरला वाटतं की या डोमेनचा मेल आपल्याकडेच आहे, आणि तो पत्र स्वतःच्याच पोटात ठेवतो. सीपॅनेलमध्ये (होस्टिंगच्या पॅनेलमध्ये) 'ईमेल राउटिंग' उघडून 'रिमोट' निवडा. हे न तपासता फॉर्म नव्याने बनवून घेणारे मी बरेच पाहिलेत. पैसे गेले, चौकशी काही आली नाही.

एसपीएफची ओळ डोमेनला एकच हवी. मेलची कंपनी एक देते, बिलं पाठवणारं सॉफ्टवेअर दुसरी देतं, आणि आपण दोन्ही चिकटवतो. मग तपासणीत दोन्ही बाद! दोन्ही 'इन्क्लुड' (त्या त्या सेवेला परवानगी देणारे भाग) एकाच ओळीत घ्या. तपासणीत प्रत्येक 'इन्क्लुड'साठी वेगळा शोध घ्यावा लागतो आणि अशा शोधांची मर्यादा १० आहे, तेव्हा जुन्या सेवांची नावं काढून टाका.

एमएक्समध्ये आयपी नाही, सर्व्हरचं नाव लिहायचं. नोंदीतल्या प्राधान्याच्या आकड्यांत लहान आकड्याला आधी मान. मेल सर्व्हरचं नाव तुमच्याच डोमेनवर असेल, तर क्लाउडफ्लेअरमध्ये (नेमसर्व्हर पुरवणारी सेवा) त्याच्या नोंदीवरचा केशरी ढग करडा करा, म्हणजे मेल मध्ये न अडकता थेट सर्व्हरकडे जाईल.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम लागतंच. दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही आणि शिवाय डीमार्क (तपासणीत नापास मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद). डीमार्क एकदम 'रिजेक्ट'वर (नाकारा) ठेवू नका, आधी 'नन' (काही करू नका) ठेवून अहवाल बघा. परत आलेल्या मेलमध्ये ५.७.२६ हा कोड दिसला तर दोष ओळखपटवणीचा. ५.१.१ दिसला तर पत्ता चुकला, किंवा मेल अशा सर्व्हरवर पोचला जिथे तो मेलबॉक्सच नाही.

आणि डोमेनच्या खात्याला त्याच डोमेनचा ईमेल जोडू नका. मेल बंद पडला की ओटीपीही तिथेच अडकतो, नूतनीकरणाची सूचनाही. तिथे साधा जीमेल द्या, पुतण्याचा नाही, स्वतःचा.